हलणारं काहीतरी आण

"आधी बॅग द्या. मग हात."

बोटीच्या कठड्यापलीकडून तो म्हणाला, तेव्हा मी धक्क्याच्या अगदी कडेला उभी होते आणि खाली बघत होते. धक्का आणि बोट यांच्यामधल्या फटीत हिरवंकाळं पाणी वर येत होतं, खाली जात होतं. त्या फटीत पाच वर्षांचं एक मूल सहज मावलं असतं. माझं पाच वर्षांचं मूल त्या वेळी घरी, आजीसमोर बसून दुधाच्या पेल्यात फुंकर मारत असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी फट मी नजरेनं मापून घेतलीच. सवय लागलेली असते.

मी बॅग दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, आत कुणी झोपलंय अशा बेतानं खाली ठेवली, आणि मग हात पुढे केला.

तोवर मी उडी मारून बोटीवर पोचलेसुद्धा होते.

"हात राहिला," आपल्या रिकाम्या पंज्याकडे बघत तो म्हणाला.

"राहू दे. लागला तर मागेन."

"सावकाश मागा. घाई नाही."

मागून आमच्या वर्गातली चुळबुळी आली. तिचं खरं नाव वर्गात कुणी घेत नसे, ती एका जागी कधी दिसली नव्हती म्हणून. माझ्या कानाशी लागून ती कुजबुजली, "ताई, हेच ते सावकाश. मॅडमचे सहायक. जाळी ह्यांच्याकडे असतात. दिवसभरात किती वेळा तो शब्द म्हणतात बघ, कंटाळशील."

मी कंटाळले नाही. पण ते पुढचं.

वर्गात सगळे मला ताई म्हणत, कारण मी खरंच सगळ्यांची ताई शोभले असते. शिकता शिकता लग्न झालं, शिक्षण सुटलं. मग लग्नही सुटलं, आणि पदरात लेक राहिली. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास मी अर्ध्यावर टाकला होता, तो पुन्हा हातात घेतला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "माशांवर पोट भरतं का गं?" आणि नातीला सांभाळायला येऊन राहिली.

ही सफर म्हणजे आमची परीक्षाच होती. थंडीत एक मोठं जहाज दूरवर जाणार होतं, त्यावर विद्यार्थ्यांसाठी मोजक्याच जागा होत्या, आणि मॅडम ह्या छोट्या बोटीवर आमचं काम बघून त्या जागा ठरवणार होत्या. निघण्याआधी त्यांनी मला खोलीत बोलावून तोंडावर सांगितलं होतं, "तुझं डोकं चांगलं आहे. पण तुझं अर्धं लक्ष किनाऱ्यावर असतं. समुद्रावर अर्धं लक्ष चालत नाही."

मी मान खाली घातली. अर्धं? पाऊण तरी असायचं.

आणि निघताना लेकीला विचारलं होतं, "काय आणू तुला?"

"हलणारं काहीतरी आण," ती म्हणाली. "मागच्यासारखं मेलेलं नको."

मागच्या वेळी प्रयोगशाळेतून औषधात ठेवलेला एवढासा खेकडा मी मोठ्या कौतुकानं तिला दाखवायला आणला होता. तिनं बाटली हलवून बघितली, आणि परत दिली.

*

समुद्रात आम्ही ज्या ठरलेल्या जागी थांबून नमुना घेतो, तिला स्टेशन म्हणतात. तिथे ना फलाट, ना पाटी. चारी बाजूंनी पाणी, आणि कप्तान म्हणतो, "आलं." मग बारीक विणीचं, लांबट टोपीसारखं जाळं पाण्यात सोडायचं. त्याच्या टोकाला एक डबा. जाळं हळूहळू ओढत न्यायचं, वर घ्यायचं, बाहेरून पाणी मारून आतलं सगळं डब्यात उतरवायचं, आणि डब्यातून बरणीत. पाण्याबरोबर वाहणारे हे जीव इतके बारीक, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढा खटाटोप करून बरणीभर गढूळ पाणीच तर आणलं.

"सावकाश," तो सांगत असे. "जाळ्याला आंघोळ घाला. बुडवू नका."

"आंघोळ घालायचा अनुभव आहे मला."

"जाळ्याला?"

"मुलीला."

तो नळी धरता धरता थांबला. पुष्कळ जण इथे 'अच्छा' म्हणतात आणि दुसरीकडे बघायला लागतात. त्यानं विचारलं, "साबण डोळ्यांत गेला की ओरडते?"

"त्याच्या आधीच ओरडते. गेला तर वेळ मिळणार नाही म्हणून."

तो हसला तेव्हा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. त्यानंतर रोज सकाळी, तोंडावर खारा वारा घेत डेकवर आलं की तो आधी दोर तपासायचा, मग आकाश, आणि मग माझ्याकडे न बघता विचारायचा, "काय म्हणतात छोट्या बाई?"

"रेंज नाही. काहीच म्हणत नाहीत."

"म्हणत असतीलच. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

बरणी भरली की तिच्यावर चिठ्ठी लावायची, ते माझं काम. मग नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिन ओतायचं, ते त्याचं. काम झालं की ज्यानं त्यानं झाकणावर आपापल्या रंगाचा ठिपका द्यायचा. माझा लाल, त्याचा निळा. त्याचे ठिपके नाण्यासारखे गोल असत. माझे सगळे घाईत कुठेतरी निघालेले.

"औषध घालायला विसरलं तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काय काय चुकू शकतं हे आधी माहीत असलं की मला बरं वाटतं.

"सगळे जिवंत राहतात."

"मग चांगलंच की."

"एका बरणीत कोंडलेले. भूक लागते. त्यातला जो जबरा असतो तो बाकीच्यांना खाऊन टाकतो. सकाळी झाकण उघडलं की स्टेशन गायब."

"तुमचं कधी झालंय असं?"

"नाही," तो म्हणाला. फुशारकी नव्हती त्यात. त्याच्याकडून तसं होऊच शकत नव्हतं. हा माणूस चहाचा कप ठेवतानासुद्धा टेबलाला विचारून ठेवत होता.

आणि टेबलाचंच सांगते. बोटीवरच्या आमच्या कामाच्या खोलीत पत्र्याचं एक टेबल होतं, टोकदार कोपऱ्यांचं. एक दिवस बघते तर कडेच्या कोपऱ्याला जुन्या जाळ्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?"

"मी," तो सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाला. "तुम्ही जाता-येता त्या कोपऱ्यावर तळवा ठेवता. टोचत असेल म्हटलं."

टोचत नव्हतं. घरी लेक पळत आली की मी टेबलाच्या कोपऱ्यावर हात धरते, तिचं कपाळ आपटू नये म्हणून. इथे लेक नव्हती, हात मात्र आपला जात होता. मला स्वतःला हे कळलं नव्हतं… आणि त्याला दिसलं होतं.

त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं आणि बाहेर जाऊन उगाच समुद्राकडे बघत राहिले. समुद्र होता तिथेच होता.

*

मग ताप आला. म्हणजे लेकीला. किनाऱ्यावरच्या एका टेकडीसमोरून जाताना क्षणभर रेंज आली आणि आईचा निरोप तेवढा मोबाइलवर उतरला – 'अंग जरा गरम आहे, काळजी करू नकोस.' काळजी करू नकोस हे वाचून आजवर कुणाची काळजी थांबली आहे? दिवसभर मी चिठ्ठ्या लावल्या, जाळं धुतलं, आणि मनातल्या मनात तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीजवळचंच स्टेशन होतं. जाळं वर आलं, बरणी भरली, मी चिठ्ठी लावली, लाल ठिपका दिला, आणि खिशात फोन थरथरला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"घ्या," तो म्हणाला. "औषध मी घालतो. तसंही माझंच काम."

मी कठड्यापाशी पळाले. "आई, कसं आहे तिचं?"

पण फोन लेकीनंच पटकावला होता. "आई, माझा ताप गेला."

"गेला? कुठे गेला?"

"आजीकडे."

मागून आईचा आवाज आला, "काही नाही गं, मला काहीएक झालेलं नाही. मी नुसती शिंकले, तर ही बया घरभर सांगत फिरतेय."

आणि मला हसू आलं. दोन दिवस छातीत अडकून बसलेलं काहीतरी एकदम सुटलं, आणि मी कठडा धरून, वाऱ्यात, मोठ्यानं हसले. "हलणारं आणते हं तुला," मी म्हणाले. "नक्की." रेंज गेली तरी फोन कानाशी धरून मी हसतच होते.

*

सकाळी मॅडमनी बरण्या तपासायला घेतल्या. आम्ही टेबलाभोवती उभे. टेकडीजवळच्या स्टेशनची बरणी उघडली आणि त्या थबकल्या. फॉर्मॅलिनचा नाकात झोंबणारा वास आलाच नाही.

त्यांनी बरणी उजेडात धरली. कालचं गढूळ, गजबजलेलं पाणी आता नितळ झालं होतं. तळाशी थोडा भुसा. आणि मधोमध, काचेच्या गोटीएवढी, आरपार दिसणारी, जेलीफिशसारखी एक कोंब जेली निवांत तरंगत होती. तिच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्यांमधून हिरवा, जांभळा, नारिंगी उजेड झिरमिरत खाली उतरत होता. अख्खं स्टेशन खाऊन बसली होती. फार सुंदर दिसत होती.

"हे कोणाचं काम?" मॅडमनी विचारलं.

फोन माझाच वाजला होता, हसले मीच होते, आणि सगळ्यांच्या माना हळूच माझ्याकडे वळल्या. चुळबुळीसुद्धा एकदाची स्थिर उभी होती.

काळजी करणाऱ्या माणसाचं एक असतं, जगात कुठेही काही सांडलं तरी आधी आपलाच हात ओला आहे का बघायचं. मीच विसरले असणार, असं मला खरोखर वाटायला लागलं. मोठं जहाज डोळ्यांसमोरून निघून चाललेलं दिसलं. मी तोंड उघडलं –

"माझं काम," सावकाश म्हणाला. "औषध मी घालायचं होतं. राहिलं."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझ्याकडून?"

"हो."

"तिला सांभाळून घेण्यासाठी बोलत असशील, तर तिचं भलं करत नाहीयेस."

"नाही, मॅडम. राहिलंच."

मॅडम बरणी खाली ठेवत म्हणाल्या, "परत जाऊन नमुना घ्यायचा, नाहीतर हे स्टेशन कोरं सोडायचं. परत गेलो तर आज संध्याकाळी घरी पोचणं विसरा. उद्या पोचू. कुणाची अडचण?"

माना पुन्हा माझ्याकडे. संध्याकाळी धक्क्यावर आई लेकीला घेऊन येणार होती. लेक काल तापातून उठलेली. ती पाण्याकडे बघत बसेल, आणि बोट येणार नाही.

"परत जाऊ," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "टेकडीपाशी रेंज येते. आईला तेवढं कळवते."

"मुलगी आजारी आहे ना तुझी?"

"बरी आहे. तिच्याजवळ आजी आहे. ह्या स्टेशनजवळ आपल्याशिवाय कुणी नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कप्तानाला सांगा."

बोट वळली, आणि मी तरातरा मागच्या बाजूला गेले. तो जाळ्याची एक उसवलेली शिवण घालत बसला होता.

"मला दया नकोय," मी म्हणाले.

"दया नाही."

"मग खोटं कशाला बोललात?"

"खोटं नाही." त्यानं दात लावून दोरा तोडला. "झाकण बघून या."

मी गेले. झाकणावर माझा घाईतला लाल ठिपका होता. त्याच्या शेजारी एक निळा. गोल नव्हता तो. एका बाजूला ओघळून लांब शेपूट फुटलेला, जसा हात सोडून लक्ष भलतीकडेच गेल्यावर होतो तसा.

परत आले तेव्हा माझी चाल आपोआप मंदावली होती.

"औषध न घालताच ठिपका दिलात?"

"हो."

"तुम्ही?"

"हो."

"पण… का?"

तो सुईत दोरा ओवायला लागला. ओवला जाईना. पुन्हा लावून बघितला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ऊन काही एवढं नव्हतं.

"तुम्ही हसलात," तो म्हणाला.

इंजिनाचा आवाज होता, पाण्याचा होता. तरी मला नीट ऐकू आलं.

"इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणजे… तोंडभर. माझ्या हातात बाटली होती. मग पेन होतं. मधलं काही आठवत नाही."

"हे मॅडमना सांगितलंत?"

"त्यांनी का ते विचारलं नाही." सुई-दोरा त्यानं मांडीवर ठेवून दिला. "विचारलं तर सांगेन."

मी त्याच्यासमोर दोरांच्या वेटोळ्यावर बसले.

*

ते स्टेशन आम्ही पुन्हा घेतलं. अंगावर बारीक तुषार येत होते, पावसाचे होते की लाटांचे, ते कळत नव्हतं. मी चिठ्ठी लावली. त्यानं फॉर्मॅलिनची बाटली उचलली.

"हसू नका," तो गंभीरपणे म्हणाला.

"नाही हसत."

"बघूही नका."

"कुठे बघते?"

अर्थातच मी हसले. पण ह्या खेपेला त्यानं आधी औषध ओतलं, बाटली जागेवर ठेवली, नाण्यासारखा गोल निळा ठिपका दिला आणि मगच वर बघितलं. सावकाश. इतकं सावकाश, की खाली बघायची वेळ माझ्यावर आली.

कोंब जेली त्यानं फेकून दिली नव्हती. खोलीतल्या टेबलावर, समुद्राच्या स्वच्छ पाण्यानं भरलेल्या एका मोठ्या बरणीत ती डुलत होती.

"हलणारं," तो म्हणाला. "फोनवर ऐकलं. चोरून नाही, वारा माझ्याकडेच वाहत होता. ही चालेल का छोट्या बाईंना? जरा खादाड आहे."

"गुन्हेगाराला घरी नेऊ म्हणता?"

"गुन्हेगार मी. ती फक्त जेवली." त्यानं बरणी सावलीत सरकवली. "मात्र फार नाजूक असते. हिसका बसला तर फाटते. धक्क्याच्या टोकापर्यंत नीट न्यायला हवी. मी… आणून देऊ?"

किती साधं विचारलं त्यानं. आणि माझा हात पुन्हा टेबलाच्या कोपऱ्यावर गेला.

"धक्क्याच्या टोकाला माझी लेक असते," मी म्हणाले. "ती लगेच जीव लावते हो. एकदा लावून बसली होती, स्वतःच्या बापालाच. तो येईनासा झाला, तेव्हा रोज दारात उभी राहून विचारायची, कधी येणार. मला उत्तर देता आलं नाही. पुन्हा तसं…"

त्यानं समजूत घातली नाही, वचनंही दिली नाहीत. बरणीवर विरळ कापड ताणून त्याला दोऱ्यानं नीट गाठ मारली.

"मग तुम्हीच न्या. मी बोटीवर थांबतो," तो म्हणाला. "घाई नाही."

रुसला असता तर सोपं गेलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का दिसायला लागला. मॅडम सामानाकडे बघत माझ्याजवळून जाता जाता म्हणाल्या, "मोठ्या जहाजावर थंडी फार असते. लोकरीचं घे काहीतरी."

"मी?"

"मग कुणाला सांगतेय? परत जाऊ म्हणालीस तेव्हाच ठरलं ते." दोन पावलं पुढे जाऊन त्या वळल्या. "तोही येणार आहे. तुम्ही दोघांनी एका बरणीवर काम करायचं नाही, कळलं?"

चुळबुळी खोकल्याचं निमित्त करून पळाली.

बोट लागली. तीच फट, तेच हिरवंकाळं पाणी. आधी त्यानं माझी बॅग पलीकडे ठेवली, मग स्वतः धक्क्यावर उतरून हात पुढे केला. एका हातानं बरणी छातीशी धरून मी दुसरा हात त्याच्या हातात दिला. दोरांनी घट्टे पडलेला, खरखरीत, उबदार हात होता.

"लागला वाटतं," तो म्हणाला.

"मागितलाय कुठे? नुसता घेतला."

धक्का लांब होता. पार टोकाला आई उभी होती आणि तिच्या मुठीत लेकीच्या फ्रॉकचा मागचा भाग होता. लेक जागच्या जागी उड्या मारत होती. माझे पाय निघालेच. चार पावलांत बरणीतलं पाणी हिंदकळलं, आणि ती काचेची गोटी एका बाजूला कलंडली.

मी थांबले. मला माझं माहीत होतं. लेक दिसली की मी पळते. आजवर कधी चालत गेलेले नाही. आणि ह्या बरणीला पळणारं माणूस चालणार नव्हतं.

मी मागे वळले. तो बोटीत परत चढायच्या बेतात होता.

"हे धरा."

त्यानं दोन्ही हातांनी बरणी घेतली. "मी?"

"मी पळणार आहे. तुम्ही मागून आणा."

"ती बघेल मला."

"बघू दे."

"विचारेल."

"विचारू दे."

त्यानं बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल.

"सावकाश या," मी म्हणाले. "पण या."

आणि मी पळाले. लेक येऊन अशी आदळली की आम्ही दोघी आईवर कलंडलो. मी आधी तिच्या कपाळाला ओठ लावून बघितले. गार होतं. मग मान, मग तळवे. सगळं गार.

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. कडेवरून, माझ्या खांद्यापलीकडे ती डोळे बारीक करून बघत होती.

"आई, ते काका एवढे हळू का चालतायत?"

मी वळून बघितलं. लांब धक्क्यावरून तो एक-एक पाऊल मोजून टाकत येत होता. नजर बरणीवर. बरणीत ऊन शिरलं होतं.

"त्यांच्या हातात जिवंत काहीतरी आहे," मी म्हणाले.

तिनं क्षणभर विचार केला.

"मग थांबू आपण," ती म्हणाली. माझ्या कडेवरून उतरली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला, आणि धक्क्याच्या मधोमध मांडी घालून बसली.